विकायला डिजिटल वस्तू कोणती निवडावी? नवख्यांसाठी पहिल्या फाइलपर्यंतची वाट

नोकरी, घर, शेती सांभाळून महिन्याला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून फाइल विकायचा विचार आता पुष्कळजण करतात. पीडीएफ, एक्सेलची शीट, ई-पुस्तक, पत्रिकेचा साचा, ब्लाउजचा पॅटर्न, रेकॉर्ड केलेला छोटा वर्ग अशा वस्तू एकदा तयार केल्या की कितीही वेळा विकता येतात. गोदाम लागत नाही, कुरिअर लागत नाही, माल पडून राहत नाही. हे आकर्षण खरं आहे.

पण बहुतेकांची सुरुवात ‘कुठे विकायचं’ या प्रश्नापासून होते. दुकान एका दुपारी उघडता येतं. त्यात काय ठेवायचं, हे ठरवायला मात्र काही आठवडे द्यावे लागतात, आणि तेच आठवडे लोक वाचवायला बघतात. मग कुणाच्या तरी व्हिडिओत सांगितलं म्हणून ‘डेली प्लॅनर’ बनवला जातो, दुकानात लागतो आणि तिथेच राहतो. प्लॅनर वाईट असतो असं नाही. तो नेमका कुणासाठी आहे हे बनवणाऱ्यालाच सांगता येत नाही, म्हणून घेणाऱ्यालाही ते कळत नाही.

माझं मत आधीच सांगते. पहिली वस्तू अशी निवडा, जिच्याबद्दल लोक तुम्हाला आजच विचारतात आणि जिच्यामुळे एका ठरावीक माणसाचं एक ठरावीक काम सुटतं. पुढचं सगळं या मताच्या आधाराने लिहिलं आहे.

पायरी १ : लोक तुम्हाला काय विचारतात ते लिहून काढा

एक वही घ्या किंवा फोनमधली नोंद उघडा. ऑफिसात, शाळेत, नात्यात, सोसायटीत तुमच्याकडे लोक कोणत्या कामासाठी येतात ते आठवून लिहा. ‘तुझ्याकडे ते पत्र आहे ना, मला पाठव.’ ‘मॅडम, ही बेरीज जुळत नाही, जरा बघता का?’ ‘काकू, अर्धा किलो भाजणीला मीठ-तिखट किती?’ ‘ताई, ३६ च्या मापाला मुंढा किती घेऊ?’ अशी वाक्यं जशीच्या तशी लिहा, आपल्या शब्दांत सुधारून लिहू नका. पुढे वस्तूचं नाव ठेवताना, जाहिरातीचा मजकूर लिहिताना लोकांचेच शब्द कामाला येतात.

‘मला काही विशेष येत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठीच ही पायरी आहे. रोज करतो त्या कामाची किंमत आपल्याला वाटत नाही. बचत गटाचं दप्तर नीट ठेवणारी बाई, दहावीच्या वर्गाला भूमितीच्या रचना शिकवणारा शिक्षक, दुधाचा हिशोब फॅटप्रमाणे लावणारा गोठेवाला, लग्नाच्या याद्या करण्यात हातखंडा असलेली आत्या, या सगळ्यांच्या डोक्यात विकण्याजोगी फाइल तयार असते. ती कागदावर उतरलेली नसते, एवढंच.

स्वतःची यादी झाली की अनोळखी लोक काय विचारतात ते बघा. आपल्या विषयावरच्या मराठी व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया वाचा. ‘पीडीएफ पाठवा’ असं शेकडोजण लिहितात, पण त्यातल्या बहुतेकांना ती फुकट हवी असते, त्यामुळे त्या गर्दीवर फार विसंबू नका. त्याऐवजी कुणी आपली अडचण सविस्तर लिहिली आहे का ते शोधा. ‘आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट आहेत, त्यातले ६ भाड्याने दिलेत, त्यांचं बिल वेगळं कसं काढायचं?’ असं चार ओळींत विचारणारा माणूस कामात अडकलेला आहे. गरज अशाच प्रश्नात दिसते. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून एखादा शब्द वर्षाच्या कोणत्या महिन्यात जास्त शोधला जातो, हेही फुकट बघता येतं.

पायरी २ : यादीतून गाळा

यादीत दहा-पंधरा कल्पना जमल्या की प्रत्येकीला काही प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न पैशाचा. ही अडचण सुटली नाही तर समोरच्याचं काय जातं? पैसे, वेळ, अब्रू यांतलं काहीतरी जात असेल तर तो खर्च करतो. सोसायटीचा हिशोब चुकला तर सर्वसाधारण सभेत सेक्रेटरीला बोलणी खावी लागतात. ब्लाउज बिघडला तर गिऱ्हाइकाचं कापड भरून द्यावं लागतं. याउलट ‘सकारात्मक विचारांची १०० वाक्यं’ मिळाली नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही.

दुसरा प्रश्न फुकट मिळण्याचा. आरत्या, स्तोत्रं, पंचांग, सुविचार, सरकारी फॉर्म हे सगळं फोनवर फुकट मिळतं. ते सुंदर मांडून दिलंत तरी विकणं अवघडच. पण फुकट व्हिडिओत ‘कसं करायचं’ कळलं तरी काम आपल्यालाच करावं लागतं. तयार फाइलने ते काम होत असेल तर व्हिडिओ कितीही असोत, तुमच्या वस्तूला जागा आहे.

तिसरा प्रश्न शिळं होण्याचा. याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षेचंच बघा. ती पूर्वी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. इयत्तेला बांधलेला सराव संच दर बदलाला नव्याने करावा लागतो. स्पर्धा परीक्षांच्या चालू घडामोडींचं आयुष्य तर काही महिन्यांचं. अक्षर गिरवायच्या तक्त्याला मात्र असं वय नसतं. शिळी होणारी वस्तू घेऊच नये असं माझं म्हणणं नाही, पण ती घेतली तर दर वर्षी ठरावीक महिन्यात ती सुधारायला बसायची तयारी हवी.

आणि चौथा प्रश्न फोनचा. तुमचं गिऱ्हाईक फाइल बहुधा फोनवरच उघडणार आहे. एक्सेलमधले मॅक्रो (बटण दाबताच आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) फोनवरच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत, हे माहीत नसल्यामुळे चांगल्या शीट बनवणाऱ्यांनाही ‘उघडत नाही’ असे निरोप येतात. ए-फोर मापाच्या पीडीएफमध्ये दोन रकाने भरून बारीक अक्षरांत मजकूर टाकला की फोनवर तो चिमटीने मोठा करून वाचावा लागतो. वस्तू वाचायची असेल तर फोनवर वाचता यावी आणि छापायची असेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काळ्या-पांढऱ्यात नीट निघावी.

या चार प्रश्नांतून दोन-तीन कल्पना उरतात. उरलेल्यांतून जी सर्वात लहान आहे ती घ्या. ‘संपूर्ण शिवणकला’ बाजूला ठेवा आणि ‘३२ ते ४० मापांचे कटोरी ब्लाउजचे पूर्ण आकाराचे पॅटर्न’ घ्या.

प्रकारांबद्दल थोडं

ई-पुस्तक हा सगळ्यांना सुचणारा प्रकार, पण त्यात मेहनत जास्त आणि किंमत कमी. सांगण्यासारखा मोठा अनुभव असेल, नाव व्हावं अशी इच्छा असेल, तरच तिकडे जा. अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करता येतं. तिथे मानधनाचे ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ठरावीक मुदतीसाठी फक्त किंडललाच द्यावं लागतं, म्हणजे त्या काळात तेच ई-पुस्तक तुम्ही स्वतःच्या पानावर विकू शकत नाही. ही अट वाचूनच खूण करा.

पत्रिका, बारशाची आमंत्रणं, हळदीकुंकवाची कार्डं यांना मागणी भरपूर आहे आणि स्पर्धाही तितकीच. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनात साचा करून त्याचा दुवा विकणारे पुष्कळ आहेत. इथे टिकायचं असेल तर काहीतरी खास धरा, एखाद्या समाजाच्या लग्नविधींचा क्रम नीट लावलेली पत्रिका, कोकणी घराच्या गृहप्रवेशाचं आमंत्रण, मालवणीतला मजकूर असं काही.

रेकॉर्ड केलेला कोर्स पहिली वस्तू म्हणून घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. आवाज, प्रकाश, संपादन यांत महिने जातात आणि लोकांना तो विषय तुमच्याकडून शिकायचा आहे का हे शेवटी कळतं. आधी एक छोटी फाइल विका. ती घेणारेच पुढे ‘शिकवाल का?’ असं विचारतात.

हिशोबाच्या शीट, नोंदवह्या, अर्जांचे नमुने, मापांचे पॅटर्न, सराव तक्ते या गटाकडे नवख्यांनी आधी बघावं. दिसायला या वस्तू साध्या असतात, पण त्यांनी काम होतं.

शेअर बाजारातल्या खरेदी-विक्रीच्या टिप्स पीडीएफ करून विकायचा मोह होत असेल तर तो विचार सोडून द्या. तसा सल्ला पैसे घेऊन द्यायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते.

एक वस्तू जवळून : छोट्या सोसायटीची हिशोब शीट

निवड कशी घट्ट करत न्यायची ते एका उदाहरणातून बघू. समजा तुम्ही लेखापाल आहात किंवा आपल्या सोसायटीचं खजिनदारपद सांभाळलं आहे. पहिली कल्पना येते ‘सोसायटी अकाउंटिंग’. ती फार मोठी आहे. मोठ्या संकुलांकडे तयार सॉफ्टवेअर असतं, पगारी माणूस असतो. अडचण असते ती १० ते ४० फ्लॅटच्या जुन्या इमारतीची. तिथला सेक्रेटरी बिनपगारी, बहुधा निवृत्त, आणि बिलं अजून हाताने किंवा वर्डमध्ये करणारा. त्याला सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी जड वाटते आणि ते शिकायचा कंटाळाही असतो. तुमचं गिऱ्हाईक हे असं नेमकं दिसायला हवं.

आता त्याला काय हवं? दरमहा मेंटेनन्सचं मराठी बिल, त्यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, सामाईक वीज, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या खर्चासाठीचा साठा), दुरुस्ती निधी, पार्किंग, सेवा शुल्क ही शीर्षकं वेगवेगळी. भाड्याने दिलेल्या फ्लॅटला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची जादा आकारणी. त्याची मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के आहे आणि ती पालिकेचे कर धरून मोजायची नसते. बऱ्याच सोसायट्या एकूण बिलावर १० टक्के लावून मोकळ्या होतात आणि मग तक्रारी होतात. तुमच्या शीटने तो आकडा बरोबर काढला, तर विकत घेण्याचं ते एक ठोस कारण झालं.

थकबाकीवरचं व्याज हे दुसरं कारण. २०१४ च्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) याची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के ठेवली होती, आणि तेही सरळव्याजाने. आजची मर्यादा तपासून घ्या. २१ टक्क्यांनी २,५०० रुपयांच्या बिलावर महिन्याला ४३ रुपये ७५ पैसे, तीन महिन्यांचे १३१ रुपये २५ पैसे. पण घरगुती शीटमध्ये मागच्या महिन्याचं व्याज थकबाकीत मिळवून त्या बेरजेवर पुन्हा व्याज लागतं, म्हणजे चक्रवाढ होते, आणि सभासद भांडायला येतो ते बरोबरच असतं. म्हणून मुद्दल आणि व्याज यांचे रकाने वेगळे ठेवायचे आणि व्याज फक्त मुद्दलावर काढायचं. दर सूत्रात लिहून टाकू नका. ‘सेटिंग’ नावाच्या पानावर एका घरात ठेवा, म्हणजे सर्वसाधारण सभेने कमी दर ठरवला किंवा नियम बदलला तर एकच आकडा बदलून काम होतं.

मग उरतात पावती, थकबाकीदारांची यादी आणि वर्षअखेरीचा गोषवारा, जो ऑडिटरकडे तसाच नेता येईल. एवढंच. सभेची इतिवृत्तं, वॉचमनची हजेरी, निवडणूक असलं काही त्यात घालू नका. नंतर वेगळ्या फाइल करता येतात.

ही वस्तू मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात लोकांसमोर यायला हवी, कारण सोसायटीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. ऑगस्टमध्ये तीच शीट कुणी घेणार नाही, मधूनच हिशोबाची पद्धत बदलायला सेक्रेटरी धजत नाही. प्रत्येक वस्तूला असा हंगाम असतो. शाळेचं साहित्य जूनच्या तोंडावर, लग्नाचे साचे तुळशीच्या लग्नाच्या आधी, फराळाच्या प्रमाणांची पुस्तिका दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी. ती नरकचतुर्दशीला आणून उपयोग नाही.

पायरी ३ : पूर्ण बनवण्याआधी विकून बघा

आता एक अर्धवट पण चालणारा नमुना करा. सोसायटीच्या उदाहरणात एका महिन्याचं बिल आणि व्याज एवढंच चालेल. तो ओळखीच्या पाच-सहा सेक्रेटरींना दाखवा आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. मराठी माणूस तोंडावर ‘छान आहे’च म्हणतो. ‘पूर्ण शीट पुढच्या आठवड्यात देते, २९९ रुपये आहेत, आत्ता घेतलीत तर १४९ ला’ असं सांगा आणि थांबा. दोघांनी यूपीआयने पैसे पाठवले तर पुढे जा. सगळ्यांनी कौतुक केलं आणि कुणीच पैसे दिले नाहीत, तर काय कमी पडलं ते विचारा. कधी किंमत नसते, भीती असते: ‘मला जमेल का?’ मग फाइलसोबत सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ दिला की गाडी पुढे सरकते. कधी उत्तर येतं, ‘आमचा सीए करतो हे.’ तेव्हा गिऱ्हाईक चुकलं असं समजा आणि यादीतल्या दुसऱ्या कल्पनेकडे वळा.

पैसे घेतले आणि वस्तू झालीच नाही, तर ते त्याच दिवशी परत करा. नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांपासून सुरुवात होते, तिथे शब्द गेला की सगळंच गेलं.

पायरी ४ : ही वस्तू विकायचा हक्क तुमचा आहे का?

‘५,००० ई-पुस्तकं, पुनर्विक्रीच्या हक्कासह, फक्त ९९ रुपयांत’ अशा जाहिराती रोज दिसतात. त्या गठ्ठ्यात काय आहे, कुणाचं आहे, हक्क खरंच दिलेत का, हे तपासायचा मार्ग तुमच्याकडे नसतो, आणि तोच गठ्ठा हजारोजणांनी घेतलेला असतो. त्यावर वेळ घालवू नका.

भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनावर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, आणि ही मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षापासून होते. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्या रचना सगळ्यांच्या आहेत. पण अलीकडच्या अभ्यासकाने त्यांवर लिहिलेला अर्थ त्याचा आहे. लाडक्या लेखकांची वाक्यं सुंदर अक्षरांत मांडून पोस्टर म्हणून विकण्याआधी हा हिशोब करा. पाठ्यपुस्तकांतली चित्रं, धडे, कविता बालभारतीच्या किंवा मूळ लेखकांच्या मालकीच्या असतात. अभ्यासक्रमातला घटक घेऊन प्रश्न स्वतः तयार करायला हरकत नाही, पुस्तकाचं पान उचलायचं नाही.

कॅनव्हातली चित्रं आपल्या रचनेचा भाग म्हणून वापरता येतात, पण एखादं चित्र उचलून तेच जसंच्या तसं विकायला परवानगी नाही. एआयकडून मजकूर किंवा चित्रं करून घेतली असतील तर किंडलवर पुस्तक टाकताना ते सांगावं लागतं. माझा सल्ला असा की प्रमाणं, मापं, कायद्याचे आकडे एआयवर कधीच सोडू नका. भाजणीत एक डाळ चुकली तर घेणाऱ्या बाईची पुढची खरेदी संपली.

अक्षरांच्या फॉन्टबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी फाइलींचं सर्वात जास्त नुकसान इथे होतं. डीटीपीवाल्यांकडचे जुने फॉन्ट युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षर तेच ओळखलं जाईल अशी पद्धत) नसतात. त्यांत टाइप केलेली वर्डची किंवा एक्सेलची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, तिथे तो फॉन्ट नसला, की सगळी अक्षरं चित्रविचित्र चिन्हं होतात. म्हणून काम युनिकोडमध्येच करा. गूगल फॉन्ट्सवरचे ‘मुक्त’ (Mukta), ‘बलू’ (Baloo), ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामाला चालतात.

मुलांसाठी अक्षर गिरवायचे तक्ते करणार असाल तर आणखी एक पाऊल पुढे जा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपं शासनानेही वर्णमालेच्या निर्णयात धरली आहेत. बाजारातल्या पुष्कळ तक्त्यांत मात्र हिंदी वळणाची अक्षरं असतात, कारण फॉन्ट बघून घेतलेला नसतो. टिरो देवनागरी मराठी नावाचा मोफत फॉन्ट खास मराठी वळणासाठी केलेला आहे. ‘अॅ’ आणि ‘ऑ’ विसरू नका. जोडाक्षरं ठिपक्यांत मांडताना ‘क्ष’, ‘ज्ञ’ बोटाने गिरवून बघा, कुठून सुरुवात करायची ते मुलाला बाणाने दाखवा. ए-फोर कागदावर सगळीकडून किमान एक सेंटीमीटर मोकळं सोडा, नाहीतर घरच्या प्रिंटरवर कडेची अक्षरं कापली जातात. चित्र म्हणून पान करत असाल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-फोर पानाचं माप २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल.

असे तक्ते कोण घेतं? इथल्या पालकांपेक्षा अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातले मराठी आईबाप जास्त. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, तिथले स्वयंसेवक शिक्षक शनिवार-रविवारसाठी साहित्य शोधत असतात. त्यांच्यासाठी प्रत्येक अक्षराखाली उच्चार रोमन अक्षरांत द्यावा लागतो, कारण कधी कधी पालकांपैकी एकाला मराठी वाचता येत नाही. इथल्या मुलासाठी ‘ख’ खटाऱ्याचा चालतो, तिथल्या मुलाने खटारा पाहिलेला नसतो. एकाच तक्त्याचे दोन अवतार करावे लागतात आणि ते करावेत.

पायरी ५ : किंमत आणि जागा

पहिल्या वस्तूची किंमत ९९ ते ४९९ रुपयांत ठेवा. काम जितकं पैशाशी बांधलेलं, तितकी किंमत वर. शिंपीकाम करणाऱ्या बाईला पॅटर्नचे २४९ रुपये एका-दोन ब्लाउजच्या शिलाईत परत मिळतात, तिला ते पटतं. १९ रुपयांना विकू नका. वीस रुपये देणारा गिऱ्हाईकही फाइल उघडली नाही की फोन करतोच, आणि तो फोन तुम्हाला परवडत नाही.

भारतातल्या गिऱ्हाइकासाठी रेझरपे किंवा इन्स्टामोजोसारख्या सेवेवर पैसे घेण्याचं पान उघडता येतं, पैसे भरले की फाइल पोचवायची सोयही लावता येते. पॅन आणि बँक खातं लागतं. शुल्क साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी असं धरलं तर १९९ रुपयांतले सुमारे ४ रुपये ७० पैसे जातात. पहिल्या काही विक्रींना तेही नको. यूपीआयवर पैसे घ्या, व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवा, कोणी काय घेतलं ते वहीत लिहा. रोजच्या विक्रीने हात भरून येऊ लागले की मग यंत्रणा लावा.

परदेशी गिऱ्हाइकासाठी एट्सी हा ऑनलाइन बाजार आहे. तिथे प्रत्येक वस्तू लावायचे २० सेंट, चार महिन्यांसाठी, आणि विक्रीवर ६.५ टक्के. पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. एका वस्तूला पाचच फाइली आणि प्रत्येक २० एमबीपर्यंत. म्हणून जड चित्रांचे तक्ते आधीच हलके करा.

गूगल शीट विकत असाल तर संपादनाचा दुवा देऊ नका, सगळे एकाच शीटवर लिहू लागतील. फक्त बघण्याची परवानगी ठेवा आणि दुव्याच्या शेवटचा इंग्रजी ‘edit’ शब्द व त्यापुढचं सगळं काढून तिथे इंग्रजीत ‘copy’ लिहा. घेणाऱ्याला थेट स्वतःची प्रत करण्याचं बटण दिसतं.

पायरी ६ : कागदपत्रं

मिळणारे पैसे उत्पन्नात धरावे लागतात, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ते पगारापासून वेगळे दाखवावे लागतात. म्हणून पहिल्या विक्रीपासून तारीख, रक्कम, शुल्क लिहून ठेवा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, नवख्याला ती दूरच. तरी परदेशी विक्री सुरू झाली की एकदा सीएला भेटा, त्याची फी वसूल होते.

सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेच्या नोकरीत असाल तर वर्तणूक नियमांत खाजगी व्यवसायाला पूर्वपरवानगी लागते. पत्नीच्या, भावाच्या नावाने सुरू करू असा सोपा मार्ग सुचवला जातो. तो घेऊ नका, रीतसर अर्ज करा. खाजगी नोकरीतही नेमणूकपत्र एकदा वाचा. ऑफिसात तयार केलेली शीट ऑफिसचीच असते, ती घरून विकता येत नाही. ज्ञान तुमचं, फाइल मात्र नव्याने, स्वतःच्या संगणकावर करा.

विकल्यावर

काहीजण तुमची फाइल व्हॉट्सअॅपच्या गटात टाकणारच. प्रत्येक पानावर खाली बारीक अक्षरांत घेणाऱ्याचं नाव आणि तुमचा संपर्क टाकता आला तर टाका, माणूस स्वतःच्या नावाची फाइल पुढे ढकलताना थबकतो. त्यापलीकडे या काळजीत झोप घालवू नका. विकणारा नीट मदत करतो, सुधारित फाइल फुकट देतो, हे कळलं की लोक मूळ ठिकाणाहून घेतात.

प्रश्नांना उत्तर कधी देणार ते आधीच लिहा: ‘रोज रात्री ८ ते ९, रविवारी नाही.’ तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर चढवा. फाइलच्या नावात वर्ष टाका, म्हणजे जुनी कोणती हे तुम्हालाही कळेल. सोसायटीची शीट असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी बसून दर, नियम, तारखा तपासायच्या, नव्या वर्षाची प्रत करायची आणि मागच्या वर्षी घेणाऱ्या प्रत्येकाला ती आधी पाठवायची. नव्या गिऱ्हाइकांसाठी पान त्यानंतर उघडायचं.